चौथीच्या वर्गांत काय शिकतात?

शाळेंतून घरीं आलेल्या मुलाला "आज काय शिकवलें?" असा प्रश्न केला म्हणजे बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतें: "कांहीं नाहीं." हें उत्तर खोटें नसतें. ज्याला आपण शिकणें म्हणतों तें मुलाच्या बाबतींत दिवसभर घडत असतें, आणि म्हणूनच त्यांतून वेगळें काढून सांगण्याजोगें त्याला कांहीं सांपडत नाहीं. मग आपण दप्तर उघडतों, वह्यांवरील तांबड्या शाईच्या खुणा मोजतों, आणि मराठींत बरा, गणितांत कच्चा, इंग्रजींत मध्यम असा निकाल देऊन मोकळे होतों. हा निकाल पुष्कळदां चुकतो. तो कां चुकतो एवढेंच आज सांगावयाचें आहे. आणि त्यासाठीं आपणांस मी भोसरीच्या एका प्राथमिक शाळेंतील चौथीच्या वर्गांत घेऊन जाणार आहें.

भोसरी हें पुणें-नाशिक रस्त्यावरील जुनें गांव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना सन १९६२ मध्यें झाली आणि त्यानंतर येथील शेतजमिनींवर कारखान्यांच्या पत्र्याचीं छपरें उगवूं लागलीं. सन १९७० मध्यें भोसरी, पिंपरी, चिंचवड व आकुर्डी या गांवांची मिळून नगरपालिका झाली. १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. पुस्तकांत हा इतिहास चार ओळींचा आहे, परंतु वर्गांत तो बांकाबांकांवर बसलेला दिसतो. कोणाचे आईवडील बीडकडचे, कोणाचे लातूरचे, कोणाचे बुलढाण्याचे. कोणी उत्तर प्रदेशांतून आलेले, कोणी बिहारमधून, कोणी कर्नाटकांतून. मूळ गांवकऱ्यांचीं मुलेंहि त्यांत आहेतच. निवृत्तीनंतर करमत नाहीं म्हणून म्हणा, किंवा जन्मभर जें शिकविलें तें मुलांच्या बाजूनें कसें दिसतें हें एकदां पाहावें म्हणून म्हणा, मी वर्गशिक्षिका बाईंच्या अनुमतीनें गेल्या वर्षीं महिनाभर या वर्गांत मागच्या बांकावर जाऊन बसलों.

वेळापत्रक भिंतीवर लावलेलें होतें. मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, आणि त्यांच्या जोडीला कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण. परिसर अभ्यास हें नांव आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांस अपरिचित वाटेल. सन २०१४ मध्यें आलेल्या बालभारतीच्या पुस्तकांत या विषयाचे चौथीसाठीं दोन भाग केलेले होते: पहिल्यांत आपले जुने विज्ञान, भूगोल व नागरिकशास्त्र हे तीन विषय एकाच घरांत नांदावयास आले, आणि दुसऱ्यांत शिवछत्रपतींचा इतिहास राहिला. बालभारती म्हणजे पुण्याचें पाठ्यपुस्तक मंडळ. त्याची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजीं झाली. सन २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें पहिली ते पांचवीच्या वर्गांस वर्षाला निदान दोनशें दिवस व आठशें तास अध्यापन ठरवून दिलें आहे. वर्षाचे एकंदर तास ८७६० होतात. म्हणजे मूल शाळेंत शिकतें तो काळ वर्षाच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी. बाकीचे नऊ हिस्से तें आपल्याजवळ असतें, ही गोष्ट शाळेला दोष देतांना आपण विसरतों.

आतां गणिताचा तास पाहूं. फळ्यावर उदाहरण होतें: "८ खोक्यांत प्रत्येकीं २५ बोल्ट आहेत, तर एकूण बोल्ट किती?" माझ्या शेजारचा मुलगा, त्याचे वडील पाणीपुरीची गाडी लावतात, त्यानें झरझर लिहिलें: ८ + २५ = ३३. वहीवर तांबडी फुली बसली. मधल्या सुटींत मीं त्याला त्याच्या घरच्या भाषेंत विचारलें, "आठ पाकिटं, हर एक में पच्चीस पुरी, तो कितनी?" त्यानें माझ्याकडे किंचित् कींवेनें पाहिलें आणि म्हटलें, "दो सौ." इतका सोपा प्रश्न एखाद्या वृद्ध मनुष्यानें विचारावा याचें त्याला नवल वाटलें असावें. सायंकाळीं गाडीवर गिऱ्हाइकांचा हिशोब तोच करतो. वीस रुपयांच्या तीन प्लेटी व शंभराची नोट हें गणित त्याला बोटें न मोजतां येतें.

मग हा मुलगा गणितांत कच्चा आहे काय? गुणाकार त्याला येतो. कोणती क्रिया कोठें करावी हेंहि त्याला समजतें. अडलें तें ‘प्रत्येकीं’ या एका शब्दावर. हा शब्द आपल्या बोलण्यांत इतका मुरलेला आहे कीं तो शिकवावा लागतो हें आपल्या ध्यानींच येत नाहीं. ‘पैकीं’, ‘उरले’, ‘शिल्लक’, ‘ने जास्त’, ‘च्या पटीनें’ हीं सारीं त्याचींच भावंडें होत. "१२ पैकीं ५" म्हणजे काय, "१२ पेक्षां ५ नें जास्त" म्हणजे काय, हें ज्याला मराठी म्हणून कळत नाहीं त्याला तें गणित म्हणून कळण्याचा मार्गच खुंटलेला असतो. आपण मात्र फुली गणिताच्या खात्यांत मांडतों. मीं स्वतः अशा किती फुल्या मारल्या असतील याचा हिशोब आतां करवत नाहीं.

याच ठिकाणीं संख्यांच्या नांवांविषयीं थोडें बोललें पाहिजे. ‘त्रेचाळीस’ हा शब्द ऐका. त्यांत तीन आधीं येतात व चाळीस मागून. लिहितांना मात्र चार आधीं व तीन मागून. बाईंनीं ‘त्रेचाळीस’ म्हणतांच वर्गांत दोन-तीन पाट्यांवर ३४ उमटले. ‘एकोणसाठ’ म्हटलें तेव्हां एका मुलीनें ६१ लिहिलें. तिचा तर्क सरळ होता: ‘एक’ ऐकू आलें, ‘साठ’ ऐकू आलें. मधल्या ‘ऊन’ या संस्कृत शब्दाचा अर्थ ‘उणा’, साठाला एक उणा तो एकोणसाठ, हें तिला कोणीं सांगितलेलेंच नव्हतें. शिवाय आपली भाषाहि आपला नियम शेवटपर्यंत पाळीत नाहीं. ८९ ला आपण एकोणनव्वद म्हणतों, आणि ९९ ला एकोणशंभर न म्हणतां नव्याण्णव म्हणतों.

सन २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘एकवीस’ याच्या जोडीला ‘वीस एक’ असेंहि वाचन दिलें गेलें. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यावर विधिमंडळापासून घरोघरच्या ओट्यापर्यंत केवढा गदारोळ उठला तो आपल्यापैकीं अनेकांस आठवत असेल. त्या समितीचें म्हणणें असें कीं, कानडी-तेलुगूसारख्या भाषांत दशक आधीं बोलतात, इंग्रजींतहि वीसच्या पुढें तसेंच बोलतात, त्यामुळें बोललेलें व लिहिलेलें एका क्रमानें चालतें. आपल्याकडे तें उलटें होतें आणि लहान मुलें अडखळतात. जर्मन मुलांनाहि अशीच उलटी चाल सांभाळावी लागते. मला स्वतःला जुन्या नांवांचा लोभ आहे. ‘सत्तेचाळीस’ या शब्दाला जो ठसका आहे तो ‘चाळीस सात’ याला नाहीं, आणि मीं त्या वेळीं पुष्कळ तावातावानें नव्या वाचनाविरुद्ध बोललों होतों. परंतु मागच्या बांकावरून तें ३४ पाहिलें तेव्हां माझा ताव बराच उतरला. जुनें नांव टाकावें असें मी आजहि म्हणणार नाहीं. पण पहिले कांहीं महिने मुलाच्या हातीं ती दुसरी काठी दिली तर मराठीचें कांहीं बुडेल असेंहि मला आतां वाटत नाहीं.

पूर्वीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ असे. औट म्हणजे साडेतीन. १९५७ सालच्या १ एप्रिलपासून दशमान नाणीं आलीं, पाठोपाठ किलोग्रॅम व मीटर आले, आणि औटकीचें काम संपलें. तिच्यासाठीं मी गळा काढणार नाहीं. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मंडईंत अजून जिवंत आहेत, आणि अपूर्णांकाच्या पाठांत येणारा पाऊण भाग ज्या मुलानें पाऊण किलो कांदे आणले आहेत त्याला परका वाटत नाहीं.

परिसर अभ्यासाच्या तासाला जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगला होता. बाईंनीं विचारलें, "उत्तर कोणीकडे?" एका मुलानें निःशंकपणें छताच्या पंख्याकडे बोट दाखविलें. नकाशांत उत्तर वर असते, आणि वर तर पंखा होता! आम्ही हंसलों, पण बाई हंसल्या नाहींत. त्यांनीं नकाशा खालीं उतरविला, फरशीवर पसरला, आणि चाकणचा रस्ता शाळेवरून ज्या अंगास जातो त्या अंगाला त्याची वरची कड फिरविली. चाकण भोसरीच्या जवळजवळ नीट उत्तरेस आहे. मग मुलें गुडघ्यांवर बसून आपापलीं ठिकाणें शोधूं लागलीं: वायव्येला देहू, ईशान्येला आळंदी, पश्चिमेला पिंपरी, दक्षिणेला दापोडी. लोणावळ्याजवळून निघालेली इंद्रायणी देहूवरून येते, मोशीच्या पुलाखालून जाते, आळंदीवरून पुढें तुळापुरास भीमेला मिळते. पवना चिंचवडवरून येऊन दापोडीस मुळेला मिळते. दोन नद्यांच्या मधोमध आपण बसलेलों आहों ही गोष्ट त्या वर्गानें त्या दिवशीं प्रथम पाहिली. ‘वायव्य’ व ‘ईशान्य’ हे शब्द मागील आठवड्यांत पाठ झालेले होते. त्यांना अर्थ मात्र फरशीवर मिळाला.

त्याच पाठांत पाण्याच्या प्रदूषणाचा भाग आला. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "पण पुस्तकांत नदी निळी आहे. आम्ही आळंदीला गेलो तेव्हां नदीवर साबणासारखा फेस होता." गेल्या कांहीं वर्षांत इंद्रायणीवर हा पांढरा फेस वरचेवर दिसतो. शुद्ध न करतां सोडलेलें सांडपाणी व कारखान्यांतून येणारीं रसायनें हें त्याचें कारण आहे. वर्गांतल्या निम्म्या मुलांचे वडील कारखान्यांतच कामाला. बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनीं फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले: आपल्या घरचें सांडपाणी कोठें जातें? तें नदीला मिळण्यापूर्वीं कोठें साफ होतें? उत्तर घरीं विचारून आणावयास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं पंचेचाळीस वह्यांपैकीं सहा वह्यांत उत्तर होतें, आणि बाकीच्यांत "बाबांना माहीत नाही" असें प्रामाणिकपणें लिहिलेलें होतें. आपल्या सुशिक्षित घरांतून याहून किती अधिक उत्तरें आलीं असतीं, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

इतिहासाच्या तासाला तर माझा लोभ अधिक. शाहिस्तेखान पुण्याहून निघून चाकणच्या किल्ल्यावर चालून गेला तो प्रसंग चालला होता. सन १६६० चा तो पावसाळा. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यानें तो लहानसा भुईकोट किल्ला पन्नासांहून अधिक दिवस लढविला. अखेर मोंगलांनीं सुरुंग लावून बुरूज उडविला तेव्हां किल्ला पडला. बाई वाचीत होत्या आणि मधेंच एक मुलगी म्हणाली, "चाकणला तर माझे बाबा रोज जातात." कंपनीची बस पहांटे त्यांना घेऊन जाते. तिच्या मनांत चाकण म्हणजे मोटारींचे कारखाने; तेथें किल्ला आहे, तो संग्रामदुर्ग नांवानें ओळखला जातो व त्याचे कांहीं तट-बुरूज अजून उभे आहेत, हें ऐकून तिचे डोळे विस्फारले.

येथेंहि शब्दानेंच वाट अडविली. "खानानें किल्ल्याला वेढा घातला." वेढा म्हणजे काय? पुढच्या बांकांवरून उत्तर आलें, "हल्ला." तें बरोबर नव्हतें. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "माझ्या आजीच्या बोटांत वेढं आहे. तें बोटाला चारी बाजूंनीं धरतं. निघत नाही." बाईंनीं तिला पुढें बोलावून तेंच वाक्य पुन्हां म्हणावयास लावलें. लष्करी शब्द आजीच्या बोटांतून वर्गांत आला, आणि मग किल्ल्यांतल्यांना धान्य, पाणी कोठून मिळालें असेल असे प्रश्न आपोआप निघूं लागले. त्यांतून सनांचा प्रश्न निघाला: महाराजांचा जन्म १६३० चा, वेढा १६६० चा, राज्याभिषेक १६७४ चा, तर त्या त्या वेळीं महाराजांचें वय काय? ही वजाबाकी होय. गणिताच्या तासाला हातचे विसरणाऱ्या दोघां मुलांनीं येथें तीस आणि चव्वेचाळीस हीं उत्तरें बिनचूक दिलीं. मात्र त्यांनीं तीं इतिहासाच्या वहींत लिहिलीं, म्हणून गणितांत त्यांचें नांव झालें नाहीं.

इंग्रजीसंबंधीं फार बोलत नाहीं. याच पिंपरी-चिंचवड परिसरांतील प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असतांना सन २००० पासून राज्यांतल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालें. भोसरीच्या मुलांच्या घरांत शिफ्ट, ओव्हरटाइम, मशीन हे शब्द भाकरीबरोबर येतात. त्यांचें स्पेलिंग तेवढें शाळेंत भेटतें. पाण्यावांचून रोपें मरतात अशा अर्थाचें एक वाक्य वाचतांना ‘डाय’ हा शब्द आला. एक मुलगा म्हणाला, "माझे बाबा डाय बनवतात." साचा या अर्थाचा डाय व मरणें या अर्थाचा डाय एकाच अक्षरांनीं लिहितात हें सांगतांना बाईंची थोडी तारांबळ उडाली, पण तो शब्द आतां त्या वर्गांत कोणी विसरणार नाहीं. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवावी असा आदेश शासनानें १६ एप्रिल २०२५ रोजीं काढला, जूनमध्यें तो सुधारला, आणि मोठा वाद होऊन २९ जून रोजीं दोन्ही आदेश मागें घेतले. त्या वादांत मी पडत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, भोसरीच्या बांकावर तिसरी व चौथी भाषा आदेशाची वाट न पाहतां केव्हांच येऊन बसलेली आहे, आणि तिचा उपयोग करून घेणें किंवा तिला गप्प बसविणें हें शिक्षकाच्या हातीं आहे.

कार्यानुभवाच्या तासाला कागदाचीं फुलें झालीं. सुंदर झालीं. तथापि मला सन १९३७ ची वर्ध्याची परिषद आठवली. महात्मा गांधींनीं तेथें असा विचार मांडला कीं, मुलांना एखादा हस्तोद्योग शिकवावा व त्याच्याच आधारें गणित, भाषा, भूगोल असे सारे विषय शिकवावे. सूत किती काततां, त्याला कापूस किती लागतो, तो कोठें पिकतो, असे प्रश्न एका चातीवरून निघत. टकळीचे दिवस गेले. पण ज्या गांवांत दर चार घरांआड एखादा माणूस लेथ चालवितो, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत माप घेतो, त्या गांवच्या मुलाला माप म्हणजे काय हें शिकवितांना त्या माणसाला एकदां वर्गांत बोलवावें असें कोणालाहि सुचूं नये याचें मला वाईट वाटलें. मीं बाईंना तसें सुचविलें. त्या म्हणाल्या, "बोलावलं होतं, सर. त्यांना सुट्टी मिळाली नाही." आणि मीं मान खालीं घातली.

महिना संपत आला तेव्हां बाईंच्या अनुमतीनें मीं वर्गाला एक काम दिलें. प्रत्येकानें स्वतःच्या मनानें एक शाब्दिक उदाहरण रचावें; बेरीज, वजाबाकी, गुणाकार, कांहींहि चालेल; पण त्यांत ‘प्रत्येकीं’ हा शब्द आलाच पाहिजे. पाणीपुरीवाल्याच्या मुलानें बराच वेळ पेन्सिल चावली. मग त्यानें मोठ्या अक्षरांत लिहिलें: "चाकणच्या किल्ल्याला ८ बुरूज होते. प्रत्येकी २५ मावळे होते. तर एकूण मावळे किती?" खालीं २०० हें उत्तर, आणि त्याच्याभोंवतीं चौकट. बाईंनीं तें उदाहरण फळ्यावर लिहून घेतलें. तेवढ्यांत आजीच्या वेढ्याची गोष्ट सांगणारी ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पण बाई, किल्ल्याला आठच बुरूज होते असं पुस्तकांत कुठं लिहिलंय?" तो म्हणाला, "गणितांत चालतं." ती म्हणाली, "इतिहासांत नाही चालत." अर्धा वर्ग याच्या बाजूचा झाला, अर्धा तिच्या, आणि शाळा सुटल्याची घंटा झाली तरी वाद चाललाच होता.